गर्भपात हवा असलेला पेशंट ‘दादा’ असू शकतो

आपल्याकडे अजून कित्येकांच्या कानावरही ही गोष्ट आलेली नाही, म्हणून सरळच लिहिते. जन्मदाखल्यावर मुलगी अशी नोंद झालेली, पण पुरुष म्हणून जगणारी माणसं आपल्या सांगली-मिरजेत आहेत. स्वतःला बाईही न म्हणवणारी आणि पुरुषही न म्हणवणारी आहेत. गर्भाशय असेल तर त्यांनाही दिवस जाऊ शकतात. कधी चुकून जातात, कधी जबरदस्तीतून. मग त्यांनाही स्त्रीरोगतज्ज्ञाचाच जिना चढावा लागतो.

मी नर्सिंगमधली. नोकरी सोडली तरी लोक फोन करतात आणि मी सोबत जाते. अशाच एका मुलाबरोबर एका खासगी दवाखान्यात गेले होते. दाढी राखलेली, आवाज फुटलेला. काउंटरवरच्या मुलीनं केसपेपर त्याच्या मैत्रिणीपुढं सरकवला. तो म्हणाला, ‘पेशंट मी आहे.’ तिनं आधार कार्ड मागितलं, त्यावरचं जुनं नाव वाचलं आणि भरल्या ओपीडीत मोठ्यानं विचारलं, ‘म्हंजे तुमी लेडीज हाय का?’ बाकावरच्या सगळ्या माना वळल्या. केसपेपरवर ‘सौ./कु.’ आणि ‘पतीचे नाव’ छापलेलं. त्यानं पेन तिथंच ठेवलं आणि तो निघून गेला. डॉक्टरांपर्यंत पोचलाच नाही.

राग मला त्या मुलीचा आला नाही, तिला कुणी काही शिकवलेलंच नव्हतं. राग येतो तो दवाखाना चालवणाऱ्यांचा. कारण कायदा त्यांच्या बाजूनं केव्हाच मोकळा झालाय. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं लिहून ठेवलंय की ‘स्त्री’ या शब्दात सुरक्षित गर्भपाताची गरज पडणाऱ्या इतर व्यक्तीही धरल्या आहेत. २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या एका अल्पवयीन मुलीच्या प्रकरणात तर न्यायालयानं ‘गर्भवती व्यक्ती’ असाच उल्लेख केला. पेशंट अठराच्या वर असेल आणि मानसिक आजारी नसेल तर संमती फक्त त्याची लागते, नवऱ्याची नाही, आईबापाचीही नाही. शिवाय गर्भपात कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनं गर्भपात करून घेणाऱ्याचं नाव-गाव फोडणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. डॉक्टर केबिनमध्ये तोंड बंद ठेवतात आणि बाहेर त्यांच्याच काउंटरवर पेशंटचं गुपित सगळ्या ओपीडीला कळतं, याला काय अर्थ?

सांगलीत याला आणखी एक किनार आहे. मार्च २०१७ मध्ये मिरजेजवळच्या म्हैसाळला बेकायदा गर्भपातांचे १९ भ्रूण पुरलेले सापडले. त्या घटनेनं आपल्या जिल्ह्याची मान खाली गेली, आणि कारवाई झाली ते योग्यच झालं. पण तेव्हापासून कायदेशीर गर्भपाताचं नाव काढलं तरी लोक दचकतात. मेडिकलवाले गोळ्या ठेवायला कां कू करतात. पेशंटकडं आधी संशयानं बघायचं, मग विचारायचं, अशी सवयच पडली आहे. मुलगी नको म्हणून केलेला गर्भपात वेगळा आणि ज्याचं शरीर आहे त्यानं मागितलेला गर्भपात वेगळा. हे रोज सांगावं लागतंय. या संशयाचा फटका नवरा नसलेल्या बाईला बसतो, आणि दाढीवाल्या पेशंटला तर दुप्पट बसतो.

त्या मुलाचं पुढं बरं झालं. दुसऱ्या एका डॉक्टर मॅडमनी आम्हाला दुपारी ओपीडी संपल्यावर बोलावलं. पहिला प्रश्न विचारला, ‘तुला काय नावानं हाक मारू?’ सोनोग्राफी पोटावरूनच केली. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक घेतल्यामुळं योनीमार्ग कोरडा आणि नाजूक झालेला असतो, आतून तपासणी फार दुखू शकते, हे त्यांना ठाऊक होतं. नऊ आठवड्यांच्या आतलं होतं, त्यामुळं गोळ्यांवर भागलं. आधी मिफेप्रिस्टोन, मग मिसोप्रोस्टॉल, इतर कुणालाही देतात तशाच. टेस्टोस्टेरॉन चालू आहे म्हणून या गोळ्या अडत नाहीत.

आणि हे कृपया प्रत्येकानं वाचा: टेस्टोस्टेरॉन म्हणजे गर्भनिरोधक नव्हे. पाळी बंद झाली तरी बीज सुटू शकतं. त्या मुलाला हे कुणीच सांगितलं नव्हतं. पाळी येत नसल्यानं दिवस गेल्याचंही उशिरा कळतं, आणि गर्भपातात आठवडे मोजूनच सगळं ठरतं. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, पुढं चोवीसपर्यंत दोघांचं लागतं आणि तेही ठरावीक कारणांसाठीच. काउंटरवरून परत गेलेल्या माणसाचे हेच आठवडे वाया जातात.

गर्भपाताच्या संमतीसाठीच्या सरकारी फॉर्म सी मध्ये आजही ‘मुलगी/पत्नी’ एवढंच आहे, ते बदलायला दिल्लीच लागेल. पण स्वतःचा केसपेपर छापणारा प्रेसवाला तर आपल्याच पेठेत बसतो. ‘सौ./कु.’ काढा. ‘पतीचे नाव’ऐवजी ‘सोबत कोण’ छापा. आधारवरचं नाव कागदापुरतं ठेवा, हाक मारताना पेशंट सांगेल ते नाव घ्या. नाव पुकारण्यापेक्षा नंबर पुकारा. काउंटरवरच्या मुलामुलींना एक दुपार बसवून हे समजावा.

आपल्या सांगलीत संग्राम आणि मुस्कान या संस्थांनी तृतीयपंथीयांच्या आरोग्यासाठी वर्षानुवर्षं काम केलंय, म्हणजे जाणकार माणसं जिल्ह्यातच आहेत, बोलवायचाच अवकाश. सांगली, मिरज, विटा, इस्लामपूर, जत, कुठलेही डॉक्टर हे वाचत असतील आणि तुमच्याकडं असा पेशंट पाठवला तर चालेल असं वाटत असेल, तर मला इनबॉक्समध्ये फक्त ‘चालेल’ एवढं लिहा. नाव कुठं जाहीर करणार नाही. पुढचा फोन आला की कुणाकडं न्यायचं, एवढं मला कळायला हवं.