आठ एकर, तीन भाऊ

पोरगी अकरावी सायन्सला गेली, याचा आनंद आमच्या घरात पंधरा दिवस टिकला. सोळाव्या दिवशी तिनं वही माझ्यापुढं सरकवली.

"पप्पा, यातल्या लोखंडाचा ऑक्सिडीकरण अंक किती?"

मी बी.ए., तोही इतिहासात. पण वरुडकडच्या संत्रेवाल्यानं स्वतःच्या पोरीसमोर 'येत नाही' कसं म्हणावं? "आण इकडे," म्हणालो आणि फसलो.

समोर होतं एफ-ई-टू-ओ-थ्री. म्हणजे गंज. आमच्या टिनाच्या शेडवर तो किलोनं आहे, पण त्याचा अंक आजवर कोणी विचारला नव्हता. शेवटी पोरीनंच मला शिकवलं. कोणत्या अणूनं किती इलेक्ट्रॉन दिले-घेतले, त्याचा हिशेब म्हणजे हा अंक: दिले तर अधिक, घेतले तर वजा. ऑक्सिजन सहसा वजा दोन. (सहसा, कारण पेरॉक्साइडात तो वजा एक होतो. हा 'सहसा' मला सरकारी कागदांतही असाच छळतो.) तीन ऑक्सिजनचे वजा सहा झाले. सगळी बेरीज शून्य यायला हवी, म्हणून दोन लोखंडांकडे मिळून अधिक सहा, एकेकाकडे अधिक तीन.

"हे तर पीककर्जाचं खातं झालं," मी म्हणालो.

"त्यात शून्य येते काय, पप्पा?"

मी विषय बदलला.

मोरचूद, म्हणजे तांब्याचं सल्फेट, सोपं निघालं. सल्फेटमध्ये गंधक आणि ऑक्सिजन यांचं आपसात काय चालतं ते आपण बघायचं नाही. एकत्र कुटुंब, मिळून वजा दोन. मग तांबं अधिक दोन. मी खूश झालो, तेवढ्यात तिनं एफ-ई-थ्री-ओ-फोर काढलं. चार ऑक्सिजनचे वजा आठ, लोखंडं तीन. आठ भागिले तीन! पावणेतीनाला थोडं कमी.

"पुस्तक चुकलं असेल," मी ठामपणे सांगितलं.

"नाही. ती सरासरी आहे. दोघं अधिक तीन, एक अधिक दोन."

आत्ता डोक्यात शिरलं. आठ एकर, तीन भाऊ. दोघांना तीन-तीन, एकाला दोन. तलाठ्यानं तिघांच्या नावे सारखंच लिहिलं तरी बांधावरची गोष्ट वेगळी! आमच्या घरात ते दोन एकर कोणाकडे आले, हे मी इथं लिहीत नाही.

सकाळी बाबांनी बागेत हाक मारली. मी झाडांच्या बुरशीवर फवारायचं बोर्डो मिश्रण केलं होतं: 100 लिटर पाण्याला 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना. (हे मूळ फ्रान्सचं. तिकडं रस्त्याकाठच्या द्राक्षांवर चोरांना भिववायला फासत. रोग हटला तो वरकड फायदा. आमच्या संत्र्याचे चोर निळ्या रंगाला भीत नाहीत.) बाबांनी विळा ड्रममध्ये बुडवला, थोड्या वेळानं वर काढला. पातं तांबूस.

"पाय, चुना कमी पडला तुह्या हातानं. पानं जाळतं काय बे?"

पोरगी टुणकन उडाली. "आबाजी, मोरचुदातलं तांबं अधिक दोनवरून शून्यावर आलं आणि विळ्यातलं लोखंड शून्यावरून अधिक दोनवर गेलं!"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग विळ्याकडे.

"म्हंजे माह्या विळ्याचं लोखंड गेलं ना? जा, चुना आन पयले."