मग तुम्हीच ठेवा

टायर कापत असलेल्या माणसाशी कोणी बोलू नये. परवा मी आवारात बसून झाडांच्या आळ्यासाठी जुना टायर कापत होतो. बाजूची भिंत सुरीने कापली जाते, पात्याला साबणाचं पाणी लावत राहिलं की झालं. खरा वैताग आहे तो काठातल्या पोलादी तारांच्या कड्याचा. नेमका मी त्या तारांशी झुंजत असताना शेजारचे काका कुंपणाला रेलले.

"टायर कापताय?"

"हो."

"वितळवत का नाही? प्लॅस्टिक वितळतं की."

चार्ल्स गुडइयरने १८३९ साली रबर गंधकाबरोबर तापवलं आणि घोटाळा करून ठेवला, असं मी सांगितलं. गंधकाने रबराच्या रेणूंच्या साखळ्या एकमेकींना जखडल्या. आता ते वितळत नाही, करपतं.

"मग जाळा."

"विषारी धूर होतो, काका."

"मग पुरा."

"पुरलेले टायर पोटात हवा, वायू धरून हळूहळू वर येतात."

काकांचा चेहरा उतरला. "आपोआप?"

"आपोआप."

त्यांनी मागे वळून स्वतःच्या परसाकडे बराच वेळ पाहिलं. "साधारण किती वर्षांनी?" मी काही विचारलं नाही. पण त्यांच्या पेरूखालची जमीन फुगलीय, असं मला हल्ली वाटत होतंच.

"आणि समुद्रात टाकले तर?" आता त्यांचा आवाज खाली आला होता.

फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ १९७० च्या दशकात हेही करून झालंय. माशांना घर म्हणून वीस लाखांच्या आसपास टायर बुडवले. बांधलेल्या मोळ्या सुटल्या, टायर भटकत जाऊन खऱ्या प्रवाळावर आपटले, आणि पुढे पाणबुडे घालून ते उपसायची वेळ आली.

काकांनी सुस्कारा सोडला. "मग तुम्हीच ठेवा," म्हणाले, आणि संध्याकाळी त्यांच्या गाडीचे जुने टायर माझ्या फाटकातून आत घरंगळले. विचारलंसुद्धा नाही!

आता त्यांना भोकं पाडायचं कामही माझंच. टायर उभा ठेवा नाहीतर आडवा, पाणी धरतोच, आणि डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला तेवढं पुरतं. त्याची अंडी तर कोरड्यातही महिनोन्‌महिने तग धरतात. ड्रिल तारेत अडकतं, हात सोलवटतात. बनवणारा मोकळा, विकणारा मोकळा, झिजवणारा तर फाटकातून ढकलून मोकळा.

आज काकांनी कुंपणावरून तक्रार केली, डास फार झालेत, तुमच्या त्या टायरांचं काहीतरी बघा. माझे टायर! त्यातले निम्मे त्यांच्याच गाडीचे आहेत.