जर्मन लॅपटॉपचं परभणीकरण

'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण आमच्याकडं शेंबड्या पोरालाही पाठ असते. पण या दोघींची प्रत्यक्ष गाठ पडते ती लॅपटॉपच्या निमित्तानं. कुणाचा तरी पुतण्या म्युनिकला असतो. तो नवा लॅपटॉप घेतो आणि जुना गावाकडं पाठवून देतो. जुना म्हणजे तिकडचा जुना. इकडं त्याला कुंकू लावून, नारळ फोडून चालू करतात. पडद्यावर 'विलकॉमेन' उमटतं आणि इथवर घरात आनंदीआनंद असतो. मग कुणीतरी इंग्रजीत 'संजय' लिहितं आणि 'संजझ' उमटतो, कारण जर्मन कीबोर्डवर वाय आणि झेड यांची अदलाबदल असते. 'झिल्हा परिषद' लिहावी तर 'यिल्हा परिषद' होते. ईमेलमधला ॲट तर सापडतच नाही. दोनवर शिफ्ट दाबलं की अवतरणचिन्ह येतं, कारण जर्मन मंडळींनी ॲट ठेवलाय क्यूवर, तोही उजव्या बाजूची ऑल्ट-जीआर दाबल्यावर हाती लागणारा.

मग तो लॅपटॉप माझ्यासारख्याच्या पुढ्यात येतो. "काका, चालू तर व्हायलंय, पण काहीच कळंना झालंय. तेवढं इंग्लिश करून द्या की. पाच मिन्टाचं काम हाय." काम खरंच फार मोठं नसतं. पण ते कुठल्या क्रमानं करायचं हे चुकलं की पाच मिनिटांचे दोन रविवार होतात.

बहुतेकांनी तोवर एक पराक्रम केलेला असतो: बाजारातून इंग्रजी अक्षरांची स्टिकरं आणून चिकटवलेली असतात. झेडवर वाय, वायवर झेड, अगदी सरळ रेषेत. आणि तरी 'संजझ' तो 'संजझ'च. कळेला भाषा नसते हो. ती दाबली की आत फक्त एक आकडा जातो. त्या आकड्याचं अक्षर कुठलं, हे विंडोज ठरवतं, आणि ते सेटिंगमध्ये नोंदवलेला कीबोर्ड बघून ठरवतं. दारावरची पाटी बदलली म्हणून सातबारा बदलत नाही, तसंच हे. म्हणून आधी सातबारा, पाटी शेवटी.

आणि त्याही आधी पासवर्ड. इथं भले भले आडवे होतात. कीबोर्ड जर्मनचा इंग्रजी केला, मशीन बंद केलं, सकाळी उघडलं, नेहमीचा पासवर्ड टाकला, तर चुकीचा. पुन्हा टाकला, चुकीचा. पडद्यावर नुसते ठिपके दिसत असल्यानं आत वायचा झेड झालाय हे कळायला मार्ग नाही. त्यात पासवर्डमध्ये ॲट असला तर बघायलाच नको. म्हणून भाषेला हात लावण्यापूर्वी तात्पुरता पासवर्ड असा ठेवावा, ज्याची अक्षरं सगळ्या कीबोर्डांवर एकाच जागी असतात. मी हिंगोली सुचवतो. इंग्रजीतल्या छोट्या लिपीतली हिंगोली जर्मन, फ्रेंच, इंग्रजी अशा तिन्ही कीबोर्डांवर जिथल्या तिथं असते. परभणी जर्मनीत चालते, फ्रान्समध्ये नाही, कारण फ्रेंच कीबोर्डवर ए आणि क्यू यांची अदलाबदल असते. लातूर, नांदेड, जालना याच ए पायी बाद. बीड पास होतं, पण चारच अक्षरं. लॅपटॉप मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडलेला असेल तर हिंगोलीचं काही चालत नाही, तिथं आकड्यांचा पिन लावून ठेवा. काम झाल्यावर मात्र हिंगोली काढून खरा पासवर्ड लावायचा. हा लेख शेजाऱ्यांनीही वाचलेला असतो.

आता भाषा. जर्मन पडद्यावर अंदाजानं बटणं दाबणं सोडा. विंडोजची कळ आणि आर दाबा, उघडलेल्या चौकटीत 'एमएस', आडवी रेघ, 'सेटिंग्ज', कोलन, 'रीजनलँग्वेज' असं इंग्रजीत सलग, मध्ये जागा न सोडता टाका आणि एंटर मारा. मशीन कुठल्याही देशाचं असो, भाषेचं पान थेट समोर येतं. (जर्मन कीबोर्डवर आडवी रेघ उजव्या शिफ्टच्या शेजारी आहे, आणि कोलन म्हणजे शिफ्ट आणि पूर्णविराम.) पुढचं वाचायला मोबाईलच्या भाषांतर ॲपचा कॅमेरा पडद्यावर धरा. तो 'काढून टाका'ला 'दूर करा' वगैरे म्हणेल, पण निभावतं.

भाषा जोडताना देशप्रेमानं 'इंग्लिश (इंडिया)' निवडलं की फसलात. पडद्यावरची सगळी बटणं-मेनू बदलणारं पॅक अमेरिकेच्या आणि ब्रिटनच्या इंग्रजीला आहे. म्हणून पडद्यासाठी 'इंग्लिश (युनायटेड स्टेट्स)' घ्या. साहेबाची म्हणून ब्रिटनची घेऊ नका, तिचा कीबोर्ड सोबत येतो आणि त्यात ॲट आणि अवतरणचिन्ह एकमेकांच्या जागी बसलेली असतात. इन्स्टॉल करताना 'हीच पडद्याची भाषा' अशा अर्थाची एक चौकट असते, तिच्यात टिक करायला विसरू नका. पॅक उतरायला वेळ लागतो. तेवढ्यात लाइट गेली आणि वायफाय बसलं, तर पुन्हा तिथूनच सुरू करा. शेवटी साइन आउट करून परत आत आलं की जर्मनी मागे पडते.

मग त्या इंग्रजीसमोरच्या तीन ठिपक्यांत जाऊन 'इंग्लिश (इंडिया)' हा कीबोर्ड जोडायचा आणि अमेरिकेचा काढायचा. कळा सगळ्या अमेरिकेच्याच जागी राहतात, वर उजवी ऑल्ट आणि चार दाबलं की ₹ उमटतो. हे चिन्ह २०१० मध्ये आलं. ते उमटवण्यासाठी दुसरीकडून कॉपी-पेस्ट करत बसणारी मंडळी अजून आहेत. जर्मन भाषा यादीतून काढूनच टाका. राहू दिली तर डावं ऑल्ट आणि शिफ्ट चुकून एकत्र दाबलं गेलं की ती परत अवतरते, आणि "काका, पुन्हा झेड झाला" असा फोन जेवणाच्या ताटावर येतो.

जर्मन मशीन त्या मानानं गरीब. खरा इंगा रशियाचा. लातूर-नांदेडची पोरं एमबीबीएसला तिकडं जातात, तिथंच लॅपटॉप घेतात. त्यांच्या कीबोर्डला स्टिकर लागत नाही, रशियन अक्षराशेजारी इंग्रजी अक्षर छापलेलंच असतं. पण त्यातल्या बऱ्याच मशीनवर विंडोजची 'होम सिंगल लँग्वेज' आवृत्ती असते. नावातच कबुली आहे. इंग्रजी जोडायला गेलं की ती सांगते, तुमच्या परवान्यात पडद्याची एकच भाषा आहे. मग दोनच वाटा. एक, पैसे भरून प्रो आवृत्ती घेणं. दुसरी, विंडोज नव्यानं टाकणं. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घ्यायचं, त्यात भाषा इंग्रजी निवडायची, किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह त्यावर खर्च करायचा आणि त्यावरून मशीन चालू करायचं. सोबत विंडोज आलेल्या मशीनमध्ये विंडोजच्या परवान्याची चावी मदरबोर्डच्या चिपमध्ये लिहिलेली असते, ती सेटअप आपोआप वाचतो. त्याआधी तीन गोष्टी: पोराचे फोटो आणि ॲनाटॉमीच्या नोट्स दुसरीकडं उतरवून घ्या, बिटलॉकर, म्हणजे डिस्कला विंडोजचं कुलूप, चालू असेल तर त्याची रिकव्हरी की लिहून ठेवा, आणि वायफायचा ड्रायव्हर, म्हणजे वायफाय चालवणारं सॉफ्टवेअर, पेन ड्राइव्हवर घ्या. हा तिसरा राहिला तर नवं विंडोज नेट मागतं आणि नेटला ड्रायव्हर लागतो.

विंडोज ७ असलेलं खापर कुणी आणलं, तर हात जोडा. तिथं भाषा बदलण्याची सोय फक्त अल्टिमेट आणि एंटरप्राइजमध्ये होती.

भाषा बदलली, कीबोर्ड बदलला, तरी कधीकधी लॉगिनच्या पडद्यावर जर्मन बसूनच असते, कारण त्या पडद्याचं सेटिंग वेगळं. त्याच पानावर 'ॲडमिनिस्ट्रेटिव्ह लँग्वेज सेटिंग्ज' शोधा, 'कॉपी सेटिंग्ज' दाबा आणि खालच्या दोन्ही चौकटींत टिक करा. एक स्वागताच्या पडद्यासाठी, दुसरी पुढं उघडणाऱ्या नव्या खात्यांसाठी.

यानंतर लोक चहा मागवतात. थांबा. एक्सेल उघडा आणि एका घरात साडेबारा, म्हणजे १२.५ लिहा. एंटर मारल्यावर तिथं १२ मे दिसला, तर जर्मनी अजून आत आहे. ते लोक दशांशाला स्वल्पविराम देतात आणि तारखेला टिंब. म्हणजे साडेबारा क्विंटल सोयाबीनची नोंद केली की मशीन तिची तारीख करतं. आडत दुकानाच्या हिशोबात असे बारा मे, सात जून रांगेनं बसलेले असतात आणि बेरीज काहीच्या काही निघते. दुरुस्ती सोपी आहे: भाषेच्याच पानावर खाली 'रीजनल फॉरमॅट' असतं, तिथं मात्र न लाजता 'इंग्लिश (इंडिया)' निवडा. लाखाचे स्वल्पविरामही जागेवर येतात. आधी टाकलेले बारा मे मात्र आपोआप साडेबारा होत नाहीत, ते हातानं बदलावे लागतात. एक्सेल स्वतः जर्मन बोलत असेल तर त्याची भाषा ऑफिसच्या ऑप्शन्समध्ये वेगळी बदलायची. क्रोमचीही वेगळी.

आता पाटी. ज्यांनी टायपिंगच्या क्लासला जाऊन सरकारी परीक्षा दिली आहे, त्यांना काहीच चिकटवायची गरज नाही. त्यांची बोटं एफ आणि जेवरच्या उंचवट्यांवर बसतात आणि डोळे कागदावर. बाकीच्यांनी स्टिकरं घ्यावीत, पण अख्खा पत्रा चिकटवू नये. जर्मन कीबोर्डवर अक्षरं दोनच चुकतात. बाकी वरच्या ओळीतले आकडे, त्यातही १, ४ आणि ५ सोडून, आणि एंटरच्या आसपासची चिन्हं. तेवढीच लावा. कळा आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, वाळू द्या, स्टिकर चिमट्यानं धरून आधी वरची कड जुळवा आणि मग खाली दाबा. बोटानं लावलेलं स्टिकर तिरकं बसतं. कळांखाली दिवा असेल तर पारदर्शक घ्या. आणि परभणीच्या मे महिन्यात पत्र्याखाली ठेवलेल्या लॅपटॉपवर स्वस्तातल्या स्टिकरचा डिंक सुटतो, वायचं स्टिकर करंगळीला चिकटून घरभर फिरतं, म्हणून जरा बरी घ्या.

झेड आणि वायच्या टोप्या उपटून अदलाबदल करावी असं कल्पक माणसाला सुचतंच. टोपीखाली दोन बारीक प्लास्टिकच्या पट्ट्या कात्रीसारख्या अडकवलेल्या असतात, मधे रबराची टोपली. कुठल्या बाजूनं उचकायचं हे मॉडेलागणिक बदलतं. चुकीच्या बाजूनं उचकलं की पट्टीचं केसाएवढं टोक तुटतं, आणि ती कळ पुढं जन्मभर डुगडुगते.

अख्खा कीबोर्डच बदलायचा म्हटलं, तर "पैशाचं बघू, पण एकदाचं करून टाका" म्हणणाऱ्यांना मी आधी एंटर दाखवतो. जर्मन एंटर उभा, वर रुंद. आपल्याकडचा आडवा. नव्या मशीनचा कीबोर्ड वरच्या पत्र्याला, म्हणजे सी पॅनलला, प्लास्टिक वितळवून जोडलेला असतो आणि पॅनलमधली भोकं त्या उभ्या एंटरच्या मापाची. इंग्रजी कीबोर्ड त्यात बसत नाही, पॅनलसकट घ्यावा लागतो. जुन्या मॉडेलात चार-दोन स्क्रू आणि एक रिबन, म्हणजे चपटी वायर, एवढ्यावर भागतं. आधी बॅटरीचं कनेक्शन काढा, रिबनची पट्टी नखानं वर करा, ओढू नका.

पॅनल न बदलता राहिलात, तर डाव्या शिफ्टशेजारी एक जादा कळ उरते. अमेरिकी कीबोर्डवर ती नसतेच. नव्या सेटिंगमध्ये ती दाबली की उलटी तिरकी रेघ उमटते, आणि शिफ्टकडं निघालेली करंगळी तिच्यावरच पडते. काही दिवस प्रत्येक मोठ्या अक्षराआधी एक रेघ दिसली तर मशीन घेऊन येऊ नका.