गेलेल्यांचं मत

दहावी 'ब' च्या ग्रुपवर परवा रात्री पुन्हा तेच झालं. महाडात हार्डवेअरचं दुकान चालवणाऱ्या मित्राने लिहिलं, "सरदार असते तर यांच्यासारख्यांना कधीच आत टाकलं असतं." जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्याने उत्तर दिलं, "बाबासाहेब असते तर हे सरकार एक दिवस टिकलं नसतं." मग कुणी नेहरूंना उठवलं, कुणी नेताजींना. इकडे जर्मनीत अकरा वाजले, म्हणजे तिकडे अडीच, तरी प्लँचेट चालूच. हॉस्टेलवर आम्ही करायचो तसंच. वाटी सरकत असते आणि प्रत्येकाची खात्री असते की आपण बोट फक्त टेकवलंय.

मी लिहिलं, "झोपा आता, सकाळी त्यांनाही कामं असतील." त्यावर दुकानवाल्याचं उत्तर आलं, "तू तिकडून शांतपणे बघ. तुला काय फरक पडतो?"

गेला आठवडाभर मी ट्राममधून उतरताना, कांदा चिरताना, टीमच्या मीटिंगमध्ये या माणसाशी मनातल्या मनात भांडतोय.

कारण 'आज ते असते तर' या प्रश्नाचं उत्तर खुद्द बाबासाहेबांनी देऊन ठेवलंय. २५ नोव्हेंबर १९४९ चं घटनासमितीतलं भाषण. त्यातली भक्तीची ओळ सगळ्यांना पाठ असते, राजकारणातली विभूतिपूजा अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, ती. (ती ओळ फोटोवर छापून, फोटोला हार घालून पाठवतात. असो.) त्याच भाषणात त्यांनी अमेरिकेच्या जेफरसनचा उतारा वाचून दाखवला होता. प्रत्येक पिढी म्हणजे जणू वेगळं राष्ट्र. तिला बहुमताने स्वतःला बांधून घेण्याचा हक्क आहे, पुढच्या पिढीला बांधण्याचा नाही. तसं नसेल तर ही पृथ्वी जिवंतांची नसून मेलेल्यांची आहे, असं म्हणावं लागेल. दोन वर्षं अकरा महिने खपून, ७,६३५ दुरुस्त्यांच्या सूचना झेलून केलेल्या मसुद्याबद्दल हा माणूस उभा राहून सांगतो की बाबांनो, आम्ही तुम्हाला बांधलेलं नाही. दुरुस्तीची वाट मोकळी ठेवली आहे, तुमचं तुम्ही बघा.

मी तो उतारा मराठीत करून ग्रुपवर टाकला. चार अंगठे आले. पाचव्या मिनिटाला कुणीतरी 'खरंय, आज बाबासाहेब असते तर हेच म्हणाले असते' असं लिहिलं.

आणि बोलवायचंच झालं तर नेमकं कुणाला बोलवणार? सरदारांनी प्रजासत्ताकाला महिनाही झाला नव्हता तेव्हा, फेब्रुवारी १९५० मध्ये, प्रतिबंधक स्थानबद्धतेचं, म्हणजे खटल्याशिवाय कोंडून ठेवण्याचं, विधेयक आणलं होतं. तेव्हा दुकानवाल्याचं म्हणणं अगदीच निराधार नाही, फक्त त्या कायद्याखाली आत कोण गेलं असतं याची खात्री त्याने बाळगू नये. अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर मर्यादा वाढवणारी पहिली घटनादुरुस्ती १९५१ मध्ये मांडली नेहरूंनी, आणि तिची बाजू लढवली कायदामंत्री म्हणून बाबासाहेबांनी. त्याच वर्षी त्यांनी मंत्रिपद सोडलं. १९५३ मध्ये राज्यसभेत म्हणाले की ही घटना जाळायची तर मीच पहिला जाळीन. मग १९४९ चे बाबासाहेब बोलवायचे की १९५३ चे? प्रस्तावनेतल्या 'धर्मनिरपेक्ष' आणि 'समाजवादी' या शब्दांवरून दर सहा महिन्यांनी पेटतं. ते शब्द १९७६ चे, ४२ व्या दुरुस्तीचे. पण नोव्हेंबर १९४८ मध्ये घटनासमितीतल्या के. टी. शहांनी ते घटनेच्या पहिल्या कलमात घालायची सूचना आणली होती आणि बाबासाहेबांनी ती नाकारली. समाजाची रचना कशी असावी हे लोकांनी त्या त्या काळी ठरवायचं, ते घटनेत कोंबलं तर लोकशाहीच मोडेल, हा त्यांचा मुद्दा. शब्द काढा म्हणणारे एवढंच सांगून थांबतात. पण 'लोकांनी ठरवायचं' यात, शब्द ठेवायचे असं ठरवणारे लोकही आलेच की.

इथे, म्हणजे कार्ल्सरूहेत, हा खेळ कुणी खेळत नाही. मी रोज सायकलवरून घटना न्यायालयाच्या काचेच्या इमारतीपुढून जातो. बागेत पोरं चेंडू खेळत असतात, न्यायाधीश बहुधा कँटीनमध्ये असतात. सोळा वर्षांत कुणाच्या तोंडून 'आज आडेनाउअर असते तर' ऐकलं नाही. (आडेनाउअर म्हणजे पश्चिम जर्मनीचे पहिले चॅन्सेलर, आपल्याकडचे पंतप्रधान म्हणा; पक्ष सीडीयू.) हे मी दुपारच्या जेवणाला अभिमानाने (अभिमान कशाचा, कुणास ठाऊक) सांगितलं, तर समोरचा सहकारी काटा खाली ठेवून म्हणाला, "आणि सीडीयूच्या मुख्यालयाचं नाव काय आहे?" कोनराड आडेनाउअर हाउस. बरं, ठीक आहे.

तरी फरक आहे, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. ४ नोव्हेंबर १९४८ ला बाबासाहेब दिल्लीत मसुदा मांडत होते, त्याच आठवड्यांत बॉनमध्ये पासष्ट माणसं ग्रुंडगेझेट्स, म्हणजे जर्मन घटना, लिहीत बसली होती. (त्याच बॉनच्या विद्यापीठात बाबासाहेबांनी १९२१ मध्ये नाव घातलं होतं. हे मी इथे भेटणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.) दोन्हीकडे देश विस्कटलेले, फाळणीच्या जखमा, निर्वासितांचे तांडे. पण जर्मनांनी पुढच्या पिढीवर विश्वास टाकला नाही. टाकतील कसा? आपल्याच पिढीने काय केलं ते बघून बसले होते. म्हणून कलम ७९ मध्ये लिहून टाकलं की माणसाची प्रतिष्ठा, लोकशाही, संघराज्य यांना कितीही बहुमत असलं तरी हात लावायचा नाही. चॅन्सेलर पाडायचा तर आधी नवा निवडून दाखवा, मगच जुना जाईल. राजकीय पक्षांसाठी वेगळं कलम, की पक्षाचा आतला कारभारही लोकशाहीनेच चालला पाहिजे. आपल्या मूळ घटनेत राजकीय पक्ष हा शब्दही नव्हता. तो आला १९८५ मध्ये, दहाव्या परिशिष्टातून, पक्षांतरबंदीबरोबर.

आमच्यावर मात्र विश्वास टाकला गेला. राष्ट्रपती राजवटीचं कलम हे मृत अक्षरच राहील अशी आशा बाबासाहेबांनी ऑगस्ट १९४९ मध्ये बोलून दाखवली होती. पुढे ते अक्षर किती जिवंत निघालं हे महाराष्ट्राला सांगायला नको. नोव्हेंबर २०१९ मध्ये ती राजवट भल्या पहाटे उठवली गेली आणि आठच्या सुमारास शपथविधी उरकलाही. इथे तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. मी जागा होतो. तुला काय फरक पडतो म्हणे!

'मूलभूत चौकटी'चं, म्हणजे घटनेतलं जे संसदेलाही बदलता येत नाही त्याचं, तसंच. ती घटनाकारांनी लिहिलेली नाही. १९६५ मध्ये हायडेलबर्गचे डीट्रिश कॉनराड बनारसला व्याख्यान द्यायला आले आणि म्हणाले की दुरुस्तीच्या अधिकारालाही न लिहिलेल्या मर्यादा असतात. ही जर्मनीची १९३३ ची, हिटलर सत्तेवर आल्यावरची, चटके खाल्लेली अक्कल. तो विचार वकिलांच्या हाती लागला आणि १९७३ मध्ये केशवानंद भारती खटल्यात सात विरुद्ध सहा असा, एका मताच्या फरकाने, आपल्याकडे रुजला. हायडेलबर्ग माझ्या घरापासून लोकल गाडीने तासाच्या आत. मी हेही ग्रुपवर सांगितलं. शिक्षक मित्र म्हणाला, "म्हणजे आमची घटना वाचवली जर्मनांनी, असं म्हणायचंय का तुला?" नाही. पण थोडंसं हो. तो नेमकं पकडतो मला, शाळेपासून.

मग सांगतोच. २३ फेब्रुवारी २०२५ च्या रात्री निकाल लागले, एएफडी या कडव्या उजव्या पक्षाला २०.८ टक्के. दुसऱ्या दिवशी ट्राममध्ये मी पहिल्यांदाच मोजायला लागलो, पाचातला एक, पाचातला एक. समोरच्या सीटवर एक आजोबा, एक विद्यार्थिनी, दोन बांधकाम कामगार आणि एक मुलाला घेऊन बसलेली बाई. यांच्यातलं कोण? कलम ७९ ट्राममध्ये बरोबर येत नाही. जर्मन घटनाकारांनी इतकी कुलुपं लावून ठेवली आणि तरी प्रश्न आपला दारात उभाच. हे ग्रुपवर लिहिलं नाही. तिथे मी जर्मनीची फक्त कुलुपं दाखवतो.

महाडबद्दलही एक गोष्ट लिहिली नाही. आमचं घर चवदार तळ्यापासून हाकेच्या अंतरावर. इथे कुणी गाव विचारलं की मी छाती काढून सांगतो, जिथे २० मार्च १९२७ ला डॉक्टर आंबेडकरांनी हजारो लोकांसह पाणी पिऊन हक्क बजावला, ते गाव माझं. पुढे त्या पाण्यावरचा हक्क उच्च न्यायालयात सिद्ध व्हायला दहा वर्षं लागली, तेही सांगतो. हे सांगत नाही की माझ्या लहानपणी २० मार्चला घरातले म्हणायचे, "आज बाजाराकडे जाऊ नका, गर्दी आहे." तळं बाटलं म्हणून शेण-गोमूत्र टाकून 'शुद्ध' करणारे कुणाचे आजे-पणजे होते, हा प्रश्न आमच्या आळीत कधी निघाला नाही. आमच्या घरात 'बाबासाहेब' म्हणत नसत, 'आंबेडकर' म्हणत. आता ग्रुपवर आम्ही सगळेच बाबासाहेब म्हणतो, दुकानवालाही म्हणतो, त्यांच्याकडून आपापल्या निकालावर सही घेताना तर हमखास. लोकशाही ही भारताच्या मातीवर वरवर पसरलेला थर आहे, माती मूळची लोकशाहीची नाही, असं ते म्हणाले होते. ते सरकारबद्दल नव्हतं. आमच्या आळीबद्दल होतं.

आणि सरकारचंच बोलायचं तर आमच्या महाडच्या आमदारांचंच बघा. २०२२ मध्ये पक्ष फुटला तेव्हा विधानसभेच्या अध्यक्षांनी त्यांना प्रतोद म्हणून मान्यता दिली. ११ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ती मान्यता बेकायदेशीर ठरवली. सरकार मात्र राहिलं, कारण आधीच्या मुख्यमंत्र्यांनी बहुमत चाचणीआधीच राजीनामा दिला होता. अपात्रतेचा निर्णय पुन्हा अध्यक्षांकडेच गेला आणि जानेवारी २०२४ मध्ये कुणीही अपात्र ठरलं नाही. पुढच्या निवडणुकीत महाडने त्यांनाच पुन्हा निवडून दिलं. यावर सरदार काय म्हणाले असते? काही नाही, त्यांच्या काळात पक्षांतरबंदीचा कायदाच नव्हता. महाडकर काय म्हणतात, ते मतपेटीत आहे. ते मला पटत नाही, पण तो माझा प्रश्न आहे.

इथे मला तो उतारा पुन्हा काढावा लागतो, कारण ग्रुपवर टाकताना मी त्याची शेपटी कापली होती. जेफरसनचं पुरं वाक्य असं की पुढच्या पिढीला बांधण्याचा हक्क आपल्याला तेवढाच, जेवढा परक्या देशातल्या रहिवाशांना बांधण्याचा. म्हणजे नाहीच. वाक्य उलटं फिरवून बघा. गेलेली पिढी आणि परदेशात गेलेला माणूस, दोघांचा तराजू एकच. मराठीत तर शब्दही एकच आहे, गेलेले. आणि मत म्हणजे विचारही आणि व्होटही. चार मिनिटांत अंगठे देणाऱ्यांना हे कळलं नसतं. शिक्षक मित्राला कळलं असतं. म्हणून कापली.

मी शेवटचं मतदान २००४ मध्ये केलं. नंतर कायदा बदलला, परदेशातल्या नागरिकाला मत देता येतं, पण गावी जाऊन, स्वतः रांगेत उभं राहून. दर निवडणुकीला मी तिकिटांचे दर बघितले. तेवढंच. इथे मत नव्हतंच, इतकी वर्षं. म्हणजे ज्या सरकारांवर मी रात्र रात्र मतं मांडली, त्यातल्या एकालाही निवडण्यात किंवा पाडण्यात माझा हात नाही.

आता रातहाउसमधून, म्हणजे इथल्या नगरपालिकेतून, पत्र आलंय. नागरिकत्वाच्या परीक्षेत ३३ पैकी ३२. पुढच्या महिन्यात उभं राहून म्हणायचं की मी ग्रुंडगेझेट्सचा मान राखीन, या देशाला अपाय होईल असं काही करणार नाही. जर्मनी २०२४ पासून म्हणते, जुनं नागरिकत्व असू द्या. आपण म्हणत नाही. राज्यघटनेचं नववं कलम तसं आणि पुढे १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचंही नववंच कलम तसं, की आपण होऊन दुसऱ्या देशाचे झालात तर इथले राहिला नाहीत. नागरिकत्वाच्या कलमाइतकी डोकेदुखी मसुदा समितीला एखादंच कलम सोडलं तर दुसऱ्या कशाने दिली नाही, असं बाबासाहेब म्हणाले होते. आपल्या पंजाबराव देशमुखांना तर तो मसुदा फारच उदार वाटला होता, भारताचं नागरिकत्व जगात सगळ्यात स्वस्त करून टाकताय म्हणाले. घटनाकार आजच्या सरकारला काय म्हणाले असते ते मला माहीत नाही. मला काय म्हणाले असते ते छापून ठेवलंय.

रविवारी अण्णांना फोनवर सांगितलं. प्रत्येक निवडणुकीला माझ्या नावाची मतदार चिठ्ठी घरी येते, अण्णा ती कपाटात ठेवतात आणि चिठ्ठी देणाऱ्याला सांगतात, "येणार आहे तो." आई गेली तेव्हा मात्र महिन्याभरात स्वतः तहसील कचेरीत जाऊन तिचं नाव कमी करून आले होते. कागदाला कागद जुळला पाहिजे, मास्तर माणूस.

ऐकून थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग सात नंबरचा फॉर्म भरू का? आईच्या वेळी भरला होता तो?"

तोच, म्हटलं. पण अण्णा, महिनाभर थांबा.