गेलेल्या पोरांचा हिशोब

चांगली पोरं एनएचएलला (अमेरिका-कॅनडाची व्यावसायिक हॉकी लीग) गेली म्हणून बॉस्टन कॉलेजच्या आइस हॉकी टीमचा २०२४-२५ चा हंगाम ‘वाया गेला’ असं इथल्या मराठी ग्रुपवर अजूनही कोणीतरी लिहितं आणि माझं डोकं फिरतं.

आधी काय गेलं होतं ते बघा ना. विल स्मिथ, आदल्या वर्षी ७१ पॉइंट (गोल आणि गोलाला दिलेले पास मिळून), कॉलेज हॉकीत देशात सगळ्यात जास्त. कटर गोटिए, ३८ गोल. सेंट पॉलच्या राष्ट्रीय फायनलमध्ये डेन्व्हर विद्यापीठाचा गोलकीपर मॅट डेव्हिसने आपले ३५ शॉट अडवले, २-० ने हरलो, आणि उन्हाळा लागायच्या आत दोघांनी एनएचएलचे करार केले. पोरांना कसला दोष देता? एनएचएल क्लब त्यांचे हक्क आधीच ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लबांनी पाळीपाळीने पोरं निवडायच्या कार्यक्रमात, घेऊन ठेवतात. करार झाला की कोच ग्रेग ब्राउन नुसतं ‘जा बाबा’ म्हणणार. मुंबईच्या रणजी संघाला विचारा, त्यांचीही पोरं भारताकडून खेळायला जातात, पण तिथला गेलेला निदान अधूनमधून परत तरी येतो.

आणि तरी ही टीम हॉकी ईस्ट या कॉलेज लीगच्या साखळीत पहिली आली, राष्ट्रीय स्पर्धेतही अव्वल मानांकन. गोलांची मेजवानी कमी झाली, कबूल. पण माझी सीट गोलच्या मागे, काचेला लागून. ३० गोल करणारा रायन लेनर्ड कोपऱ्यात दोन-दोन जणांना अंगावर घेऊन पक (हॉकीची रबरी चकती) काढायचा, तेव्हा काच दणकन हलायची आणि माझी कॉफी सांडायची. गोलमध्ये जेकब फाउलर तर असा शांत, जणू बसची वाट बघतोय. आदल्या वर्षीची टीम बघताना मी टाळ्या वाजवायचो. ही टीम बघताना नखं खायचो. मला हेच जास्त आवडलं.

हो, बीनपॉटची (बॉस्टनच्या चार कॉलेजांची स्पर्धा) फायनल बीयूने, म्हणजे बॉस्टन युनिव्हर्सिटीने, नेली. हॉकी ईस्टच्या क्वार्टर फायनलला घरच्याच बर्फावर नॉर्थईस्टर्नने उडवलं, तो दिवस मी विसरायला तयार आहे. मग राष्ट्रीय स्पर्धेत न्यू हॅम्पशायरमधल्या मँचेस्टरला ३-१ ने हरलो. समोर पुन्हा डेन्व्हर, गोलमध्ये पुन्हा तोच डेव्हिस! याला नशीब म्हणा, पोरं गेल्याचं खापर फोडू नका.

नंतर लेनर्ड वॉशिंग्टनला, गेब पेरो न्यूयॉर्कला, फाउलर मॉन्ट्रियलच्या क्लबकडे. जेम्स हेगन्स मात्र तेव्हा कॉलेजातच थांबला. मुलीसाठी आधी स्मिथच्या नंबरची जर्सी घेतली होती, मग लेनर्डच्या. मँचेस्टरहून येताना मागच्या सीटवरून ती म्हणाली, “बाबा, या वेळी नंबर नसलेली जर्सी घेऊया का?”