ॲसिटिलीनचा सिलिंडर आडवा ठेवू नकाच

'व्हॉल्व्ह घट्ट बंद असेल तर ॲसिटिलीनचा सिलिंडर आडवा ठेवला तरी हरकत नाही,' हे तुमच्या लेखातलं वाक्य कृपया दुरुस्त करा. ॲसिटिलीन म्हणजे धातू कापायला आणि जोडायला वापरतात तो ज्वलनशील वायू. ऑक्सिजन जसा नुसता दाबून भरता येतो, तसा हा वायू भरता येत नाही. दाब वाढला की हवेशिवायसुद्धा त्याचं विघटन होऊन स्फोट होऊ शकतो. म्हणून सिलिंडरमध्ये सच्छिद्र भराव असतो, त्यात ॲसिटोन हे द्रव मुरवलेलं असतं आणि गॅस त्या ॲसिटोनमध्ये विरघळलेला असतो. सिलिंडर आडवा केला की गॅसबरोबर ॲसिटोनही बाहेर यायला लागतं.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात मी बरीच वर्षं गॅस कटिंग केलंय. एकदा टेम्पोतून आडवा आलेला सिलिंडर घाईत लगेच जोडला. ज्योत फुरफुरायला लागली, रंग बदलला, रेग्युलेटर खराब झाला. आमच्या मिस्त्रींनी धावत येऊन व्हॉल्व्ह बंद केला, म्हणून निभावलं. तेव्हापासून असा सिलिंडर आला की उभा करून साखळीने बांधायचा आणि निदान काही तास तरी हात लावायचा नाही, हा माझा नियम.

आणखी एक गोष्ट लेखात यायलाच हवी होती: या गॅसला तांब्याची नळी कधीही जोडू नका. तांब्याशी संयोग होऊन तयार होणारं ॲसिटिलाइड सुकल्यावर नुसत्या धक्क्यानेही फुटतं. नवीन पोरं हाताला लागेल तो तुकडा जोडून मोकळी होतात, त्यांना हे कुणीच सांगत नाही.