दाजींच्या परवानगीने

पाव लिटर इंजिन ऑइलची किंमत फार नसते, हे मला मान्य आहे. तरीही ते ऑइल माझे होते, त्याचे रोख पैसे मी मोजले होते, आणि माझ्यादेखत तो डबा एका बाकाखाली सरकवला गेला तेव्हा तिथे जमलेल्या एकाही माणसाला त्यात काही वावगे वाटले नाही, याचा राग अजून गेलेला नाही.

गाडीची वॉरंटी संपली आहे. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरने वार्षिक देखभालीसाठी साडेनऊ हजारांचे अंदाजपत्रक दिले, त्यात ‘इंजिन ड्रेसिंग’ नावाची एक बाब होती. चौकशी केल्यावर कळले की बॉनेटखालच्या नळ्या आणि झाकणांवर चकाकी येणारा फवारा मारतात. बॉनेट वर्षातून एकदाच उघडते, तेही त्यांच्याकडेच. म्हणजे त्यांच्याच डोळ्यांना बरे वाटावे म्हणून पैसे मी द्यायचे. काम झाल्यावर फोन येतो आणि ‘सर, दहापैकी दहाच द्या, नऊ दिले तरी आम्हाला शून्य धरतात’ अशी गयावया होते. ती ऐकून त्या पोरांची दया येते, आणि आपण दहा देतो. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना मिळू न देणाऱ्या १४ मोटार कंपन्यांना भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ साली २,५४४ कोटींहून अधिक दंड ठोठावला होता. प्रकरण अपिलात गेले. मी बाहेरचे गॅरेज शोधायला निघालो.

कोल्हापुरात गॅरेज शोधावे लागते हेच मुळात हास्यास्पद आहे. इथल्या फौंड्र्यांतून देशभरच्या वाहनांसाठी कास्टिंग जाते. उद्यमनगरात शिरलात तर बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, हेड फेसिंग अशा पाट्या वाचता वाचता गल्ली संपते. अडचण एवढीच की ही सगळी मंडळी मोठ्या आजाराची आहेत. गाडी बंद पडली, धूर सोडू लागली, इंजिनातून खडखड आवाज आला, तर तुमचे स्वागत होते. चालत्या, धडधाकट गाडीला तिथे कोणी विचारत नाही.

“काय झालंय गाडीला?”

“काही झालेलं नाही. सर्व्हिसिंग करायचं आहे.”

“काय झालं न्हाई तर आणलासा कशाला?”

या प्रश्नाला उत्तर नाही. निरनिराळ्या गॅरेजांत तो निरनिराळ्या शब्दांत ऐकल्यावर, शेवटी एका मेस्त्रींनी ‘ऑइल, फिल्टर तुम्ही घेऊन या, बदलून देतो’ असे सांगितले तेव्हा मला जवळजवळ गहिवरून आले. सुट्या भागांच्या दुकानात गेलो. दुकानदाराने मान वर न करता विचारले, “ओरिजिनल देऊ का चांगलं देऊ?” मी ओरिजिनल घेतले. त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती पाहता चांगले घ्यायला हवे होते, अशी शंका मला आजही येते.

मेस्त्री भेटले ते पायांपुरते. उरलेले मेस्त्री एका टेम्पोखाली होते आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले. त्यांच्या वतीने सर्व कारभार पाहत होते दाजी. दाजी म्हणजे साठीच्या पुढचे, पांढऱ्या शर्टाचे, खिशाला पेन लावलेले गृहस्थ. ते गॅरेजचे मालक नव्हते, कामगार नव्हते, मेस्त्रींचे नातेवाईकही नव्हते. पोऱ्याला हळूच विचारले तेव्हा त्याने मागच्या बाजूला बोट दाखवले. तिथे विटांवर चढवलेली, चाके काढलेली एक जीप होती आणि तिच्या बॉनेटवर कुणीतरी टॉवेल वाळत घातला होता. दाजी गिऱ्हाईक होते. जीपच्या ‘बारीक कामासाठी’ आले होते, काम चालू होते, आणि दरम्यान ते बाकावर स्थिरावले होते.

दाजींनी माझ्या गाडीची डिपस्टिक ओढली. ऑइलचा थेंब अंगठा आणि तर्जनीमध्ये घोळवला, हुंगला, डोळे मिटून काही क्षण विचार केला.

“कुठनं आलासा?”

“राजारामपुरीतून.”

“मग हे ऑइल अजून लई जातंय. रनिंगच न्हाई तुमचं.”

रनिंग कमी असले तरी वर्षातून एकदा ऑइल बदलायचे असते, थोडे अंतर चालणाऱ्या गाडीचे तर आवर्जून, कारण इंजिन पुरते तापत नाही आणि ओलावा तेलातच राहतो, हे मी त्यांना शक्य तितक्या नम्रपणे सांगितले. दाजी टेम्पोकडे वळले. “साहेब म्हणत्यात, तेलात पाणी हाय.” टेम्पोखालून हसण्याचा आवाज आला. त्या गॅरेजमधले माझे स्थान तिथे निश्चित झाले.

तरी ऑइल बदलायला त्यांनी मंजुरी दिली, कारण डबा आणलाच होता. एअर फिल्टरला मात्र दिली नाही. पोऱ्याने जुना फिल्टर काढला. दाजींनी तो हातात घेऊन टायरवर आपटला, हवेच्या नळीचा एक फवारा मारला, उजेडाकडे धरून पाहिला आणि “बसव” म्हणाले. मी डिकीतला नवा फिल्टर दाखवला. “ऱ्हाऊ दे की डिकीत, खातोय व्हय?” मी टेम्पोखाली वाकून मेस्त्रींकडे दाद मागितली. पायांनी उत्तर दिले, “दाजी म्हणत्यात तर ऱ्हाऊ दे.”

ग्लोव्ह बॉक्सच्या मागे एसीचा वेगळा फिल्टर असतो, हे ऐकून तर दाजी दुखावलेच. “गाडीत बसणाऱ्या माणसाला फिल्टर? आम्ही जन्मभर एसटीनं हिंडलो.”

विनोद इथवर ठीक होता. ब्रेक फ्लुइडवर मी थोडा चढ्या आवाजात बोललो, कारण तिथे खरोखर जिवाचा प्रश्न असतो. ते तेल हवेतला ओलावा शोषत राहते, त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो, आणि लांब उतारावर ब्रेक तापले की त्यात वाफ होऊन पेडल पोकळ लागू शकते. म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलतात. “करूळ घाट उतरताना ब्रेक लागला नाही तर काय करायचं?” मी विचारले.

दाजींनी शांतपणे ऐकून घेतले. “मग घाटात जाऊ नका.”

मला या सगळ्याचा संताप का येतो ते सांगतो. सर्व्हिस सेंटरमध्ये नको ती कामे गळ्यात मारतात, पण सांगितलेले काम निदान करतात. बाहेर तेच काम निम्म्या पैशांत होऊ शकते. मात्र ते करून घ्यायला तुमची तिथे जुनी ओळख लागते, नाहीतर दिवसभर बाकावर बसून राहण्याची तयारी तरी लागते. सकाळी गाडी दिली, यादी दिली, यादीप्रमाणे काम झाले, कागदावर लिहिलेले बिल मिळाले, असे मधले काही या शहरात आम्हा नोकरदारांच्या वाट्याला येत नाही. पैसे वाचतात, पण ते वाचवताना माणसाला आपणच कुणाकडे तरी उसनवारीला आलो आहोत असे वाटत राहते.

इंजिनात तीन लिटरच्या थोडे वर ऑइल मावले. साडेतीन लिटरच्या डब्यात उरलेल्याचे झाकण दाजींनी घट्ट लावले आणि डबा पायाने बाकाखाली ढकलला. त्यांच्या जीपला लागेल, असे ते म्हणाले. त्या जीपला इंजिन नव्हते.

मजुरी दोनशे रुपये झाली. मी बिल मागितले. टेम्पोखालचा पाना थांबला.

“बिल कशाला?” दाजी म्हणाले.

“सर्व्हिसिंगची नोंद राहावी म्हणून. पुढे गाडी विकताना उपयोग होतो.”

“इकायचीय व्हय?” दाजींचा चेहरा प्रथमच उजळला. “मग आधी सांगायचं की! नंबर द्या तुमचा.” विकायची नाही, हे मी निक्षून सांगितले, पण नंबर पोऱ्याने आधीच काम लिहून घेताना भिंतीवर खडूने लिहिलेला होता.

काल रात्री जेवत असताना फोन आला. दाजींचे पाहुणे होते. गाडी त्यांना पसंत होती, दाजींनी स्वतः तपासली आहे म्हणाले, ऑइलही नवे आहे. एवढेच की एअर फिल्टर जुना आहे, असे दाजींकडून कळले, तर त्याचे दोन हजार कमी धरायचे.